तांदळाचं धुवण

इबू,

मी कामावर निघाले. आज दोन पाळ्या आहेत, जेवायला थांबू नका. सोयाबीनचं टेंपे तळून झाकून ठेवलंय, सांबलची चटणी तुमच्याच हातची आहे.

गॅलरीत पाण्याच्या टाकीत लावलेली कांगकुंगची पालेभाजी सगळी उपटून टाकली. मुळं बुळबुळीत झाली होती, टाकीला आंबूस वास येत होता. तुम्ही रोज सकाळी तांदळाचं धुवण त्यात ओतता, हे काल कळलं. गावाकडे मातीला ते मानवतं, पण इथे मातीच नाही. नुसत्या पाण्यात ते नासतं. सून असून काल माझा तुमच्यावर आवाज चढला. तुमचा मुलगा जहाजावरून फोनवर सांगतो, समजुतीनं घ्या. त्याला सांगायला काय जातंय.

टाकी घासून ठेवली आहे. जमलं तर स्पंजचे तुकडे भिजवून प्रत्येकात दोन-दोन बिया घाला. कोंब दिसेपर्यंत साधंच पाणी द्या, खताच्या पाण्याचं मी बघेन. झाकण उघडं टाकू नका, डास होतात.

दारामागे मातीची कुंडी आहे. चार जिने वर आणताना कंबरेचा काटा ढिला झाला. त्यात तुमची मिरची लावा आणि धुवण तिथे हवं तेवढं ओता.

गावी जायला तुम्ही बांधलेली पिशवी मी कपाटावर ठेवली आहे. स्टुलावर चढू नका, त्याचा एक पाय हलतो. आणि मी आल्यावर मागूही नका, काढून देणार नाही.

सेकार