अब्बांचा ऑर्गन

५ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या तबिशने आज फोनवर भलतंच काही दाखवलं. जुन्या रेकॉर्डचं कव्हर. मुंबई, १९६९. ‘द कॉपर काइट्स’ नावाचा बँड. चार पोरं, केस खांद्यापर्यंत, फुलाफुलांचे शर्ट. एकजण ऑर्गनवर — आणि तो चेहरा माझ्या अब्बांचा! खाली इंग्रजीत नाव: नसरुद्दीन मुकादम, ऑर्गन.

माझे अब्बा. गावच्या मशिदीचे ट्रस्टी. आम्हा भावंडांना ज्यांनी कधी रेडिओ लावू दिला नाही. "घरात बाजा नको." खलास. पुढे बोलायची सोय नाही.

तबिश हवेत आहे. त्याच्या खोलीत हेंड्रिक्स, डोअर्स, कुणाकुणाची पोस्टरं. दिवसभर तेच ऐकतो — साठच्या दशकातलं, ऐकताना डोकं गरगरतं असं. म्हणतो, "मम्मी, नानांचा ऑर्गन ऐकून आजही लोक शिकतात." लंडनची एक कंपनी ही रेकॉर्ड परत काढतेय म्हणे.

अब्बा-अम्मी रविवारी येतायत. महिनाभर आमच्याकडे, दोह्यात, मुऐदरला.

७ नोव्हेंबर

रहमानला सांगितलं. नवरा म्हणून काही उपयोग होईल असं वाटलं. "यल्ला, त्यात काय? विचारून टाक. म्हातारा माणूस, हसेल."

हसतील? मार्चमध्येच दोन स्टेंट घातलेत. आणि गावात कळलं तर? आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. आयुष्यभर झाकून ठेवलेलं माझ्या पोराने उघड्यावर आणलं तर मी अब्बांना तोंड कसं दाखवू?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आणखी वाईट. तबिशने परस्पर लंडनला मेल करून टाकलाय — नाना दोह्याला येतायत, तुमच्याशी बोलतील. वर तो आणि त्याचे मित्र पुढच्या शुक्रवारी अल दुहैलला, मित्राच्या कॉलनीतल्या क्लबमध्ये तेच गाणं वाजवणार. नानांना पहिल्या रांगेत बसवून.

"विचारलंस कुणाला?"

"मम्मी, इट्स ॲन ऑनर."

ऑनर आणि इज्जत एकच नसतात, हे या पोराला कोणत्या भाषेत सांगू?

१० नोव्हेंबर, रविवार

आले. अब्बा फार वाळलेत. अम्मीने आल्या आल्या पिशवीतून सोडे आणि कोकमं काढली, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

सकाळीच पोस्टरं काढायला लावली होती. तबिश माझ्याशी बोलत नाही.

११ नोव्हेंबर

अब्बा म्हणाले, "पोर माझ्याकडे असा काय बघतो गो?" म्हटलं, परीक्षेचं टेन्शन.

१३ नोव्हेंबर, बुधवार

झालंच. दुपारी मी कणीक मळत होते. तबिशच्या खोलीतून ते गाणं सुरू झालं. दार सताड उघडं. मुद्दाम की विसरून, देव जाणे.

ऑर्गन मी पहिल्यांदाच धड ऐकला. कुणीतरी पळत जिना चढावा तसे सूर.

अब्बा हॉलमध्ये होते. उठले. मी कणकेच्या हातांनी मागे धावले. ते चौकट धरून उभे. तबिश पांढरा पडलेला. वाटलं, अब्बा आता कोसळतील.

"बंद कर ते," एवढंच म्हणाले. अगदी हळू. "तुझी नानी आत झोपलीय."

ते रागावले नव्हते. घाबरले होते. अम्मीला? अम्मीला कशाला घाबरायचं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अम्मी रहमानबरोबर बाजारात गेली आणि अब्बांनी मला हाक मारली.

"ते वाजवणं माझं नाय, सलमा."

मला कळेचना.

"मी गिटार वाजवायचो. तीपण बेताचीच. ऑर्गनवर हजरा होती. तुझी आई."

माझगावच्या शाळेत नन्सनी तिला पियानो शिकवलेला. शिवणाच्या क्लासला जाते असं घरी सांगून बुरखा घालून स्टुडिओत आली. एका दुपारात सगळं वाजवून गेली. बाकीची पोरं बघतच राहिली म्हणे. तिच्या भावाला कळलं असतं तर बोटं मोडली असती, म्हणून फोटोत ऑर्गनमागे अब्बा बसले. नावही त्यांचंच पडलं. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

"बाजा घेऊन देईन म्हणालो होतो. गावात माझ्या आईसमोर तोंड उघडलं नाय."

"आणि घरात बाजा नको, ते?"

"ती म्हणाली. ऐकलं की हात राहत नाहीत म्हणाली. मग मीच सगळ्यांना दम देत फिरलो."

मग माझा हात धरला. अब्बांनी असा हात कधी धरलाय? "परदेशातली माणसं मला वाखाणतात, हे तिला कळू देऊ नको गो."

तबिशला सांगितलं. त्याने लंडनचा मेल उघडला. लंडनला काय लिहायचं? उद्याच्या कार्यक्रमाचं काय? मला तर अम्मीकडे बघवत नाही. ती आली, कोथिंबीर निवडायला बसली, आणि मी नुसती तिच्या बोटांकडे बघत राहिले.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बुधवारी अम्मी झोपलेली नव्हती.

आज नाश्ता झाल्यावर स्वतःच तबिशच्या खोलीत गेली. "लाव ते." आम्ही सगळे दारात. अब्बा भिंतीला टेकून. तिने उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन हातात घेऊन कव्हर बघितलं. बराच वेळ.

"लंडनवाल्यांना लिही, नाव चुकलंय."

तबिशने टाइप करायला घेतलं. "हजरा मुकादम?"

"नाय. तेव्हा माझं लग्न कुठं झालेलं? हजरा परकार लिही."