पाणी जायच्या आदल्या संध्याकाळी

२३ एप्रिल, मंगळवार
लिफ्ट पुन्हा बंद! सातवा मजला, दोन्ही हातांत पिशव्या. इमारतीच्या ग्रुपवर लिफ्टबद्दल सकाळपासून ढीगभर मेसेज, पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला एकानेही फोन केलेला नाही. संध्याकाळी या सगळ्यावर बुरुलकान आजीने टाकलेलं गुलाबाचं चित्र. बिश्केकमध्ये फोन नसलेली एकही आजी उरलेली नाही का?

केस वाळवायचा ड्रायरही महिनाभर बंद. दुकानदार म्हणाला, "वॉरंटी आहे, पण मूळ खोका आणा."
"खोका कोण ठेवतं?"
"सगळे ठेवतात."

उद्या आमच्या भागातलं गरम पाणी बंद. वेळापत्रक मीच केलंय, तेव्हा मला ठाऊक. कमरेपर्यंतचे केस किटलीभर पाण्यात निघत नाहीत. माझा न्हाण्याचा वार रविवार, पण याही वेळी आदल्या दिवशीच धुऊन घेतले आणि वाळवायला बाल्कनीत बसले. आजी खाली बाकावर होती. राहते चौथ्या मजल्यावर, पण तिचं खरं घर तो बाक. वर बघून तिने हात हलवला. मी मान हलवली. यापेक्षा जास्त शेजार मला परवडत नाही.

२४ एप्रिल, बुधवार
अपेक्षेप्रमाणे अंगणात आरडाओरडा. सगळ्यात मोठा आवाज जोलदोश काकांचा. रात्री-अपरात्री ज्यांच्या गाडीचा भोंगा आपोआप वाजतो, तेच हे.
"पाणी तोडणाऱ्याच्या घरी पाहुणे येवोत! आणि सगळे बिनअंघोळीचे येवोत!"
स्वतः मात्र स्वच्छ न्हाऊन, भांग पाडून उभे होते.
मी शेजारून निघाले तर म्हणाले, "काय गं चिनारा, तुझ्या ऑफिसात पाणी आहे ना?"
"आहे," म्हटलं.
मी "कॉम्प्युटरवर काहीतरी" करते, एवढंच इमारतीला माहीत. खोटं नाही. गरम पाण्याच्या खात्यातही कॉम्प्युटर असतात.

२६ एप्रिल, शुक्रवार
एक विचित्र गोष्ट दिसली. या महिन्यात आम्ही पाइप तुकड्या-तुकड्याने तपासतोय. बंदचे दिवस ऐनवेळी बदलतात, म्हणून सूचना त्याच दिवशी सकाळी लावायची, हा साबिरबेक साहेबांचा नियम. जो आधी बोलेल तो घरी जाईल.

आज इमारतींचे मीटर तपासत होते. प्रत्येक बंदच्या आदल्या संध्याकाळी आमच्या इमारतीचा गरम पाण्याचा वापर दुप्पट! शेजारच्या इमारतींचा आलेख सपाट. तीनदा बंद, तिन्ही वेळा तेच. योगायोग एकदा असतो. आमच्या इमारतीत कोणाला तरी आधी कळतं. म्हणजे खात्यातून कोणीतरी सांगतं.

कोण, ते शोधायला मला वेळ लागणार नाही.

२८ एप्रिल, रविवार
वेळ लागला नाहीच.

जिन्यात एर्मेक भेटला. आमच्या खात्यात झडपा उघडायच्या-बंद करायच्या हुकमांचं काम त्याच्याकडे, म्हणजे वेळापत्रक तोही बघतो. हातात मांस भरलेले गरम समसे. मला बघून म्हणाला, "काय चिनारा, रविवारी तरी हस. त्याचं बिल येत नाही."
"इकडे कुठे?"
"मावशीकडे. चौथ्या मजल्यावर."
त्याची मावशी म्हणजे बुरुलकान आजी! तिने दारातूनच त्याला धरलं.
"आला! पाण्याच्या खात्यातला माझा भाचा! महिनाभर विचारतेय, थेंबाची बातमी देईल तर शपथ!"
"मावशी, आधी समसा खा. तोंड बंद राहील."
नाटक छान करतात दोघं.

३० एप्रिल, मंगळवार
साहेबांना सांगितलं.
"पुरावा?"
"मीटरचे आकडे. आलेख काढून देते."
"सतरा तारखेला, सकाळी नऊला ये. त्यालाही बोलावतो. खरं निघालं तर ठेवणार नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "नुकतंच बाळ झालंय ना त्याला?"
"कल्पना नाही," म्हटलं.
होती. बाळ झालं तेव्हा त्याने सगळ्या खात्याला बोर्सोक, तळलेल्या पिठाचे गोळे, वाटले होते. मीही दोन खाल्ले.

६ मे, सोमवार
पॉप्लरच्या झाडांचा कापूस सुटला. चहात कापूस, नाकात कापूस. ड्रायरचा खोका सापडला. आता पावती मागतात!

८ मे, बुधवार
भोंगा. रात्रभर. सकाळी जोलदोश काका म्हणे, "मला तर ऐकूच आला नाही." त्यांची झोप कोणत्या कंपनीची आहे, ते विचारायला हवं.

१३ मे, सोमवार
नुसत्या आलेखावर माणसाला दोषी ठरवू नये. प्रयोग करावा. एर्मेकला, फक्त त्यालाच, सांगितलं की उद्या आमचा भाग बंद. खोटं.
"सकाळी पक्कं कळवतेस ना?" म्हणाला. वहीत टिपूनही घेतलं.
आज संध्याकाळी वापर वाढला की काम झालं. मी घरी येऊन जेवले, वाचत पडले. शांत होते.

१४ मे, मंगळवार
वापर सपाट. कणभरही चढ नाही!
सकाळी एर्मेकला "आजचं रद्द" कळवलं. "बरं झालं," म्हणाला, "झोपच झालेली नाही." बाळ रात्री जागवतं म्हणे.
सापळा ओळखला असणार. दिसतो तितका भोळा नाही तो.

१५ मे, बुधवार
उद्या खरंच बंद. या वेळी एर्मेकला कळवलेलंच नाही. झडप बंद करायला माणसं साहेब सकाळी स्वतः पाठवणार. माहीत फक्त दोघांना, त्यांना आणि मला. म्हणजे आज आमच्या इमारतीचा वापर सपाट राहायला हवा. राहिला की एर्मेकचं सिद्ध.

संध्याकाळी केस धुतले. ड्रायर अजून दुकानातच, त्यामुळे पुन्हा बाल्कनी. ओल्या केसांत पॉप्लरचा कापूस अडकला. विंचरताना हात दुखले, डोकं पिंजलेल्या गादीसारखं! आजीने बाकावरून हात हलवला. मी मान हलवली. आत येऊन फोन बघितला तर ग्रुपवर पुन्हा तिचा गुलाब. या बाईला एकदा सांगायला हवं.

१६ मे, गुरुवार
दुप्पट. दुपटीहून थोडा जास्तच.

आकडे पुन्हा काढले. मीटर बरोबर, वेळ बरोबर. एर्मेकला माहीत नव्हतं. मी एक शब्द कोणाशी बोलले नाही. मी बोलतच नाही कोणाशी! मग उरतं कोण? साबिरबेक साहेब.

पहिल्यांदा पटेना. पण दोघांतून एक वजा केला की एकच उरतो. उद्या नऊला सगळ्यांसमोर विचारणार. साहेब असले म्हणून काय झालं.

१७ मे, शुक्रवार
लिफ्ट चालू होती. चौथ्या मजल्यावर आजी आत आली, माझा दंड धरून हळूच म्हणाली, "परवा फार बरं केलंस गं पोरी. नातसुनेच्या माहेरची माणसं आली होती, सगळी स्वच्छ न्हाऊन गेली."
"मी काय केलं?"
"केस धुतलेस की! रविवारी धुतेस ते वेगळं. पण मधल्याच वारी तू ओले केस घेऊन बाल्कनीत बसलीस की दुसऱ्या दिवशी पाणी गेलंच म्हणून समजावं. मी ग्रुपवर गुलाब टाकते. सगळे समजतात. जोलदोश तर आधी टॉवेल शोधतो, मग शिव्या."
"पण मी कुठे काम करते, ते..."
"एर्मेकने एकदाच सांगितलं. पुढे विचारलं तर म्हणतो, मावशी, बोललो तर बाळाला दूध कुठून आणू? मग आम्ही वर बघायला लागलो."

नऊला पोचले. साहेबांच्या दाराबाहेर एर्मेक उभा होता, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग. म्हणाला, "मला का बोलावलंय, माहीत आहे तुला?"
"तू जा कामावर," म्हटलं.

अंबाडा घट्ट बांधला, आलेख हातात घेतला आणि एकटीच आत गेले.
"साहेब, नाव सापडलं."