व्हॅनिलाच्या एकशे दहा वेली

मी मोएआता तेहेई, वय एकाहत्तर, धंदा व्हॅनिलाच्या फुलांची लग्ने लावणे, राहणार ताहाआ बेट, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. मी अविवाहित असून मला मूलबाळ नाही.

१. घर धाकटा भाऊ तेमाना यास. छप्पर गळते हे त्याला ठाऊक आहे, कारण ते त्यानेच घातले.

२. मी फुलांच्या दिवसांत वारल्यास अंत्यविधी दुपारी करावा. व्हॅनिलाचे फूल एकच सकाळ उमलते. त्याच्या पोटात नर आणि मादी एकाच घरात राहतात, पण मधे पातळ पडदा असतो, आणि तो उचलणारी माशी आमच्या बेटावर नाही. काट्याने पडदा वर करून दोघांना आपल्याच अंगठ्याने भेटवावे लागते. माझ्यासाठी रडत बसून हजार लग्ने मोडू नयेत.

३. जमीन घराण्याची असली तरी वेली माझ्या. वर चढू दिल्या तर नुसत्या पानांनी माजतात; शेंडा वाकवून खाली आणला की जिवाच्या भीतीने फुलतात. त्या कोणाला द्यायच्या, याचाच मला घोर आहे. चुकीच्या हाती दोन वर्षांत मरतील. तेमाना नऊला उठतो, म्हणून तो बाद.

४. अकरा वर्षांपूर्वी माझा पाय मोडला, तेव्हा तेमानाची बायको हिनारी हिने बाग सांभाळली. घोसात वीस कळ्या येतात. आठांचेच लग्न लावून बाकीच्या गळू द्यायच्या, हे इथली पोरेही जाणतात. हिने सरसकट सगळी फुले उजवली. एवढ्या शेंगा नऊ महिने पोसून सत्तर वेली सुकल्या. जाब विचारला तर म्हणाली, "वन्सं, बिनलग्नाची गळताना बघवेना हो. घरात एक आहे तेवढी पुरे नाही का?" वेली मी माफ केल्या असत्या. अबोला धरला तो या वाक्यासाठी.

५. गेल्या ऑगस्टात तापाने तीन आठवडे पडून होते. चौथ्या आठवड्यात काठी टेकत बागेत गेले. प्रत्येक घोसात मोजून आठ फुले धरलेली, तीही खालच्या बाजूची, म्हणजे शेंगा सरळ लोंबतील. तेमाना म्हणाला, "ताई, हिनारी पहाटेच जायची. तुला सांगू नको म्हणाली." मला रडू आले, हे आमच्या चर्चच्या पाळकांनी मोठ्याने वाचू नये. सर्व एकशे दहा वेली हिनारीला.

सही: मोएआता तेहेई
स्थळ: हामेने, ताहाआ. दिनांक: १२ मे १९९४

साक्षीदार १: पाळक रोनो.

साक्षीदार २: हिनारी. (सही खोडली आहे. पाळकांनी साक्षीला बोलावल्यावर तिने सही ठोकली, मग वाचले. म्हणाली, "मला नकोत वेली. मेल्यावर कागदावरून बोलणार होय माझ्याशी?" पाळक म्हणाले, ज्याला मिळते त्याची साक्ष चालत नाही, सगळे पुन्हा लिहावे लागेल. मी म्हणाले, "लिहू उद्या. बस, कॉफी घे." अकरा वर्षांत तिच्याशी बोललेले हे माझे पहिले वाक्य.)