तरसालीच्या बाकावर तापलेली पृथ्वी

तरसाली, बडोदे
मे २०१०

तीर्थस्वरूप आक्कासाहेबांच्या चरणी धाकट्या फत्तेसिंहाचा बडोद्याहून दंडवत.

इकडे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि तुमची भावजय येसूबाई, जिवंत आहोत. या उन्हात खुशालीबद्दल याहून जास्त काही लिहिलं तर ते खोटं ठरेल. तुमचा गुडघा कसा आहे? दाजीसाहेबांनी साखर सोडली की अजून चोरून डब्याकडे फेऱ्या चालू आहेत? (हे त्यांना वाचून दाखवू नका.) फोनवर तुम्हाला अलीकडे नीट ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की मला खोकला येतो, म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

आक्कासाहेब, दिनकरराव गेले. जानेवारीतच गेले. तुम्हाला कळवायला मी कितीदा तरी बसलो, पण लिहिता लिहिता मधेच माझं त्यांच्याशी भांडण सुरू व्हायचं आणि पत्र भलतीकडेच जायचं. आजही जाईल. सांभाळून घ्या.

दिनकरराव तुम्हाला आठवतील. आमच्या समोरच्या घरातले, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उंच आणि जरा वाकलेले. आमच्या समरजितच्या लग्नात पंगतीत तुमच्या शेजारी बसून पाण्याच्या टंचाईवर इतका वेळ बोलले की तुमचा मठ्ठा कोमट झाला, तेच. मूळचे जळगावकडचे. आपण गायकवाडी शिपायांच्या घरातले आणि ते नोकरीसाठी आलेले, एवढा फरक सोडला तर आमचं सगळं एकच होतं. सोसायटी एक, फाफड्याचं दुकान एक, आणि सकाळी फिरून आल्यावर मोकळ्या जागेतल्या दोन लिंबांखाली बसायचा बाकही एक. माझ्या बायपासच्या वेळी समरजितचं विमान दिल्लीत अडकलं होतं, तेव्हा दवाखान्याच्या कागदांवर नातेवाईक म्हणून सही त्यांनीच केली होती. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'शेजारी' असं लिहिलं आणि तिथल्या बाईंनी ते खोडून 'भाऊ' केलं.

बिघडलं ते दोनेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. निवृत्तीनंतर दिनकररावांना वाचनाचा रोग जडला. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतो आहे असं पेपरात काही आलं की बाकावर येऊन ते आम्हाला ऐकवायचे. एके सकाळी कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाले, "फत्तेसिंहराव, हे ऊन देवाचं नाही हो. हे आपण केलंय."

आता हा 'आपण' बघा. उभं आयुष्य मी रिफायनरीत काढलं. तिच्या धुराड्यावरची ज्योत रेल्वे क्वार्टर्सच्या गच्चीवरून दिसायची, असं तेच मागे मला कौतुकाने सांगत असत. त्यामुळे ते 'आपण' म्हणाले आणि मला 'तुम्ही' ऐकू आलं. मी म्हटलं, "आणि तुमची रेल्वे काय उसाच्या रसावर चालत होती?" मग सांगितलं की पृथ्वी पूर्वीही तापली होती आणि निवलीही होती, तेव्हा ना रिक्षा होती ना रिफायनरी. गोऱ्यांनी शंभर वर्षं चैन केली, आता कुठे आपल्या दारात गाडी आणि घरात एसी आला, तर लगेच यांना पृथ्वीचा पुळका! बाकावरचे आमचे तिसरे, कापडाचे व्यापारी जशुभाई, मान डोलवत म्हणाले, "आ तो अमेरिकावाळानी चाल छे."

"चाल त्यांची असेल," दिनकरराव म्हणाले, "पण ऊन खरं आहे."

यावर मी नुसता आवाज चढवला. त्या दिवसापासून बाकावर दोन पक्ष पडले. माझ्या पक्षात जशुभाई आणि फिरायला येणारी सगळी मंडळी, आणि त्यांच्या पक्षात ते.

त्यांना एकदाचं गप्प करावं म्हणून मी सोसायटीच्या हॉलमध्ये हवामानावर व्याख्यान ठेवलं. वक्ते माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे मेहुणे, हवामानाचा अभ्यास केलेले. सहकारी म्हणाला होता, "ते अगदी तुमच्यासारखेच आहेत, कुणाची भीड ठेवत नाहीत." यावरून ते माझ्या मताचे असावेत असं मी धरून चाललो. (येसूबाईंनी विचारलं होतं, "नक्की विचारून घेतलंत ना?" मी म्हटलं, तुम्ही खमणाचं बघा.) पाहुण्यांनी पहिल्याच वाक्यात पृथ्वी माणसानेच तापवली असं सांगून टाकलं आणि पुढे तासभर तेच निरनिराळ्या आकृत्या दाखवून सांगत राहिले. मधे वीज गेली. मला जरा आशा वाटली. पण गृहस्थ अंधारात, पंखे बंद असताना, आणखी परिणामकारक बोलले. मी पहिल्या रांगेत, अध्यक्ष म्हणून गळ्यात हार घालून, निथळत बसलेलो. शेवटी आभार मानायचे होते ते मला, आणि माझ्याने उठवेना. तेव्हा मागून दिनकरराव उठले. आता चांगली हजेरी घेणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "आमचे मित्र फत्तेसिंहराव यांनी स्वतःच्या मताविरुद्ध बोलणारा माणूस मुद्दाम बोलावला. एवढं मोठं मन आपल्या सोसायटीत दुसऱ्या कुणाचं नाही."

टाळ्या पडल्या. आक्कासाहेब, त्यांनी माझी टर उडवली असती तर आठवड्याभरात मी ते विसरलो असतो. त्या टाळ्या मात्र मला झोपू देईनात.

त्याच पावसाळ्यानंतर सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक आली. घरोघरी गाड्या झाल्या होत्या. बाकाजवळचे दोन्ही लिंब काढून तिथे गाड्यांसाठी पत्र्याची शेड करावी, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. दिनकरराव लिंबांच्या बाजूने उभे राहिले. मग मला शेडच्या बाजूने उभं राहणं भागच होतं. गाड्यांना सावली पाहिजे म्हणून शेड, आणि शेड पाहिजे म्हणून सावली देणारी झाडं काढायची, हे मी दारोदार जाऊन समजावलं आणि लोकांना ते पटलं. इतकं पटेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी दणकून निवडून आलो. घरी आल्यावर येसूबाईंनी मला ओवाळलं, पेढा भरवला, आणि मग सांगितलं की त्यांनी स्वतःचं मत दिनकररावांना दिलं.

लिंब पाडले त्या दिवशी दिनकरराव खुर्ची ओट्यावर आणून बसले आणि शेवटची फांदी टेम्पोत जाईपर्यंत बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. बाकावर यायचं मात्र सोडलं नाही. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, मधे जशुभाई. "जशुभाई, त्यांना सांगा, समुद्र वर येतोय." "जशुभाई, त्यांना सांगा, तरसालीत समुद्र नाही." बिचारे जशुभाई दोन्हीकडे मान वळवून वळवून थकले. गेल्या डिसेंबरात कोपनहेगनला जगभरचे पुढारी याच विषयावर जमले आणि कुणाचंच धड जमलं नाही. तेव्हा मला वाटलं, आता दिनकरराव खचतील आणि माझ्याशी थेट बोलतील. त्यांनी जशुभाईंच्या मार्फत एवढंच कळवलं की त्यांना वाईट वाटलं.

मग जानेवारीत एके दिवशी बडोद्याच्या मानाने कडाक्याची थंडी पडली. पहाटे जाग आली ती दात वाजतच, आणि पडल्या पडल्याच मला वाक्य सुचलं: "काय दिनकरराव, कुठाय तुमची तापलेली पृथ्वी? जरा इकडे पाठवा, हात शेकतो." जशुभाईंना मधे न घेता, सरळ त्यांच्या तोंडावर म्हणायचं ठरवलं. दोन स्वेटर चढवले, कानटोपी घातली आणि रोजच्यापेक्षा लवकर बाकावर जाऊन बसलो. वाक्य मनात घोळवत होतो. एकदा मोठ्याने म्हणूनही बघितलं. (शेजारून दूधवाला गेला, त्याने वळून पाहिलं.) दिनकरराव येईनात. मग समोरच्या घरातून येसूबाईच धावत बाहेर आल्या. त्या तिथे कधी गेल्या होत्या तेही मला माहीत नव्हतं. त्यांच्याकडे बघूनच कळलं.

हृदय थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. दिवसभर माणसं येत राहिली, थंडीही तशीच राहिली, आणि मला उगीचच वाटत होतं की आजचा दिवस त्यांनी निवडायला नको होता, जशुभाईंच्या पक्षाला आयतं कोलीत मिळालं. तेराव्यानंतर दिनकररावांच्या पत्नी, कांचनवहिनी, यांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "भावजी, त्या सकाळी मफलर गुंडाळत होते. खुशीत होते. मला म्हणाले, आज थंडी आहे, आज फत्तेसिंहरावांना गप्प राहवणार नाही. आज ते बोलतील बघ."

यापुढे मी काय केलं ते लिहीत नाही. वहिनींनी दिलेला चहा निवला, एवढं सांगतो.

आता बाकावर शांतता आहे. पत्र्याची शेड दुपारी अशी तापते की गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं, आणि बाकावर सकाळी आठनंतर बसवत नाही. पण मतभेद कसले ते उरले नाहीत. सगळे माझ्या मताचे. परवा जशुभाई उन्हाकडे बघून नेहमीसारखं म्हणाले, "ए तो कुदरत छे, साहेब." आणि आक्कासाहेब, मला काय झालं कोण जाणे, मी ताडकन म्हणालो, "कुदरत कसली? हे आपण केलंय!"

जशुभाईंनी मला पाणी आणून दिलं. ऊन लागलं असावं असा त्यांचा समज झाला. पण मी दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो आणि तिसऱ्या दिवशीही. सोसायटीच्या सभेत नवे लिंब लावायचा ठराव मांडला तर जशुभाई रडवेले होऊन म्हणाले, "पण आपणे तो जीत्या हता!" जिंकलेला माणूस हरलेल्याची बाजू का घेतो, हे त्यांना कळेना. ठराव पडला. माझ्या ठरावाला विरोध करणाऱ्यांनी सगळे मुद्दे माझेच वापरले, आणि ते मुद्दे, सांगायला वाईट वाटतं, फार चांगले आहेत. त्यांना उत्तर काय द्यायचं ते मला येत नाही. दिनकररावांना येत होतं. पण ते बोलायचे तेव्हा मी ऐकत कुठे होतो? ते कधी थांबतात, एवढंच बघत बसायचो.

असो. पत्र लांबलं. तुमच्या घरच्या सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार आणि आशीर्वाद वाटून द्यावेत. उन्हात बाहेर पडू नका.

तुमचा धाकटा भाऊ,
फत्तेसिंह

ता. क. तुमचे जावई माधवराव कॉलेजात भूगोल शिकवतात ना? माणूस पृथ्वी कशी तापवतो हे त्यांच्याकडून साध्या मराठीत लिहून घेऊन पाठवावं. समोरचा माणूस माझ्याइतका हेकट आहे असं समजून लिहायला सांगा.

पुन्हा ता. क. यावरून माझं मत बदललं असं माधवरावांनी समजू नये. मला ते अजून पटलेलं नाही. फक्त ती बाजू रिकामी ठेवणं मला बरं दिसत नाही.

आणखी एक, ज्यासाठी खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो. कांचनवहिनी महिनाअखेरीस लेकीकडे पुण्याला जात आहेत, आणि समोरचं घर भाड्याने द्यायचं आहे. जशुभाईंनी एक कुटुंब आणलं होतं, सज्जन माणसं, पण गृहस्थ माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर, बरोबर" म्हणत होते. मी वहिनींना सांगून त्यांना नकार कळवायला लावला. तुमच्या ओळखीत बडोद्याला बदली होऊन येणारं कुणी असेल तर लगेच कळवा. घर हवेशीर आहे, पाणी दोन वेळा येतं. मराठी असल्यास उत्तम, नसल्यास चालेल. माणूस सकाळी लवकर उठणारा हवा, आणि माझं म्हणणं त्याला पटता कामा नये.