ब्रेकवरची चकचकीत प्लेट

६ ऑगस्ट १९७८, रवि.
लकडगंजातून पेडलवर बसवायच्या स्टीलच्या प्लेटा आणल्या. ब्रेकला, क्लचला. स्वतःच बसवल्या. जुनी गाडी एकदम नवी. सौ. म्हणाली, "पायाखाली कोण पाहून राहिलं जी?"

९ ऑ., बुध.
रघुनाथ मिस्त्रीकडे ब्रेकचं काम. पेडल पाहून थबकला. "हे काहून लावलं साहेब? रबर झाकून टाकलं. ओल्या चपलेनं पाय घसरन. काढून देऊ?" राहू दे म्हटलं. नवी आहे.

१४ ऑ., सोम.
इतवारी बाजार. पाऊस. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई समोर. ब्रेक दाबला आणि पाय प्लेटवरून घसरला. गाडी तिला धडकली. मांडीचं हाड मोडलं तिचं. सखूबाई, कुहीकडच्या खेड्यातली.
गर्दीत कोणी ओरडलं, "ब्रेक फेल!" मी मान हलवली. पोलीस यायच्या आत प्लेट उचकटून पिशवीत टाकली. का, ते...
जबाबातही तेच. ब्रेक फेल.

१७ ऑ., गुरु.
गाडी ठाण्यात, तपासायला कोणी आलेलं नाही. रघुनाथला मात्र दिवसभर बसवून ठेवलं. ब्रेकचं काम त्याचं ना.

१९ ऑ., शनि.
रघुनाथची बायको दारात. "साहेब, गॅरेजवर गाडी येऊन नाही राहिली. तुमी तं सांगा, त्याइची चूक नाही." बघतो म्हणालो. ती गेल्यावर सौ.नं विचारलं, "ती प्लेट कुठे गेली?" जेवलो नाही.

२१ ऑ., सोम.
दवाखान्यात गेलो, संत्री घेऊन. सखूबाईचा पाय वजन बांधून ताणलेला. धानाची रोवणी अर्धी राहिली म्हणाली. मग मलाच धीर दिला. "ब्रेकच फेल झाला, तं तुमी काय करान बापा?"
संत्रं सोलून तिच्या हातात दिलं आणि निघालो.

२२ ऑ., मंगळ.
ठाण्यात गेलो. जमादाराला सगळं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "पहिला जबाब खोटा लिहून देल्ला म्हणता? सरकारी नोकरी हाय तुमची. घरी जा, विचार करा. उद्या अकराले या."
बाहेर बाकावर रघुनाथ. त्यालाही सांगितलं. तो वर न बघता म्हणाला, "मले मालूम होतं साहेब. मी जमादाराले सांगतलं बी. मिस्त्रीचं कोण आयकते?"
माफी मागायची राहिली. की मागता आली नाही.
सौ. शर्टाला इस्त्री करते आहे. उद्या ऑफिस की ठाणं, तिनं विचारलेलं नाही.