लग्नाने रद्द झालेला कागद

२४ जानेवारी, मंगळवार

शनिवारी लग्न. माझं! एकोणसत्तराव्या वर्षी! एकतीस वर्षं नॉर्बर्टबरोबर एका छपराखाली काढली, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. पण नवे फादर लग्नाशिवाय चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद देईनात. म्हटलं, चला, करून टाकू.

पडदे धुतले. कागदपत्रंही आवरली. बिस्किटांच्या डब्यात माझं मृत्युपत्र आहे, आठ वर्षांपूर्वीचं. हे घर बाबांकडून मला आलेलं, ते माझ्यामागे जॉसलिनला. नॉर्बर्टची मुलगी, तीन वर्षांची असताना माझ्या पदरात आली. मी जन्म दिला नाही, एवढंच. मागच्या अंगणात तिची पावाची भट्टी आहे, पोट त्यावरच चालतं. वाचून परत डब्यात ठेवलं. एक काळजी मिटली.

२९ जानेवारी, रविवार

पाय सुजलेत. काल लग्नात आमच्या बेटाच्या रीतीने झेंड्यांचा नाच झाला. नवरीकडचा झेंडा वर की नवऱ्याकडचा, यावर नुसती झोंबाझोंबी! आमचाच वर राहिला. नॉर्बर्ट म्हणे, "एकतीस वर्षं तोच वर आहे, आज काय नवीन!" मेला! सगळे हसून बेजार.

ब्रुकलिनहून भाच्याचा, कर्विनचा फोन. नऊ वर्षांनी! अभिनंदन झालं आणि लगेच — "आत्या, घर विकायचं झालं तर आधी मला सांग हं."

२ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाई मोठ्या बेटावरून पंधरा दिवसांनी एकदा बोटीने येतात, दुकानाच्या माडीवर बसतात. मृत्युपत्र घेऊन गेले होते, फक्त त्यातलं आडनाव बदलून घ्यायला. क्वाशीची मॅक्लॉरेन झाले ना!

"लग्न कधी झालं?" "परवाच्या शनिवारी." बाईंनी चष्मा काढला. "मिस इडा, मग हे मृत्युपत्र रद्द झालं. लग्न केलं की आधीचं आपोआप रद्द. कायदाच आहे."

मला आधी थट्टाच वाटली. विचारलं, उद्या मी गेले तर? म्हणाल्या, एक वाटा नवऱ्याचा, उरलेलं तुमच्या रक्ताच्या माणसांचं. माझ्या रक्ताचा उरलाय एकच, म्हणजे सगळं कर्विनचं! जॉसलिन कुठेच नाही. तो घर विकणार आणि पोरगी भट्टीसकट रस्त्यावर. मीच धावतपळत जाऊन लग्न केलं आणि मीच तिचं घर घालवलं!

नवं तयार करून पुढच्या खेपेला आणते म्हणाल्या. वर दम भरला — लग्न, जन्म, मरण, घरात काहीही झालं की हा कागद काढून वाचायचा. डब्यात घालून विसरायचा नाही. आठ वर्षं मी तेच केलं.

५ फेब्रुवारी, रविवार

जॉसलिनला सांगायची हिंमत नाही. नॉर्बर्टला सांगितलं. त्याचं भलतंच! "एवढी वर्षं छपराला रंग मी मारतोय, आणि जुन्या कागदात माझं नावच नव्हतं? निदान व्हरांड्यातली खुर्ची तरी दे!"

म्हटलं, माझं हृदय हे असं अधू, आधी मीच जाणार, तेव्हा चेष्टा पुरे. मग हळूच, "मग मी कुठे राहू, इडा?" हसत नव्हता.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

समुद्र खवळलाय. बोट नाही. वकीलबाई नाहीत.

१९ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर छातीत कळ आली. खाली बसले. जॉसलिन पाणी घेऊन धावली — "टांटी, बोल ना! टांटी!" मावशीला आमच्याकडे टांटी म्हणतात, लहानपणापासून ती मला तेच म्हणते. माझ्या मनात एकच, वकीलबाईंच्या बोटीला अजून अकरा दिवस. देवा, एवढे ढकल. भीती वाटते. मरणाची नाही, कर्विनची.

२ मार्च, गुरुवार

बोट आली! सही झाली!

जॉसलिनला काल सगळं सांगितलं. रागावली नाही, उलट मलाच जवळ घेतलं. आज माडीवर साक्षीदार म्हणून तीच पेन घेऊन पुढे! वकीलबाई ओरडल्या, "ज्याला मिळणार त्याने साक्षीला सही करायची नाही, नाहीतर तुझंच जाईल! बाहेर हो!" मग खालचा दुकानदार आणि बोटीचा तिकीटवाला वर आले.

घर जॉसलिनला. आणि एक ओळ मी घालून घेतली — नॉर्बर्टला मरेपर्यंत या घरात राहायचा हक्क, व्हरांड्यातली खुर्ची त्याची. घरी येऊन वाचून दाखवली. म्हणे, "उशीपण लिहायची होतीस." डोळे पुसत होता.

६ मार्च, सोमवार

नॉर्बर्ट गेला. काल दुपारी मासे खाऊन खुर्चीत बसला, तिथेच. मला वाटलं डुलकी लागली.

वकीलबाई सोळा तारखेला येतील. घरात मरण झालं की कागद काढून वाचायचा. नेईन. काय बदलायचं ते बदला म्हणेन. ती ओळ तेवढी राहू द्या.