बंद दुकानाची किल्ली

३ एप्रिल
फोनमधले धवले उघडत नाहीत! 'ही सेवा बंद झाली आहे' — एवढंच. गोदूबाईंच्या आवाजातली लग्नाची बावीस गाणी, विकत घेतलेली. अजून आहेत, जागा अडवून आहेत. पण वाजवायची परवानगी दर वेळी कंपनीकडून यायची. कंपनीच बंद पडली.

५ एप्रिल
राही आली, किन्हवलीहून. गोदूबाईंची नात. सत्तावीसला तिची हळद. आजी जाऊन वर्ष झालं. गावात दुसरी धवले म्हणणारी नाही.
"बाई, हलद आजीच्याच आवाजात लागंल. तुमी इकत घेतलेलं ना?"
घेतलं होतं.
"मंग तुमचं कसं नाय?"
तीस वर्षं मराठी शिकवलं. धवल्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत. वही पुढे केली. तिने चाळली, मिटली.
"याची चाल कुठंय?"

९ एप्रिल
आसनगावला पंकजकडे. माझा विद्यार्थी, मोबाइल दुरुस्त करतो.
"कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्याकडं, न् आता घरमालकच नाय. मी काय, देव पन नाय उघडनार, मॅडम!" हसला. मी नाही.

१० एप्रिल
सरकारला अर्ज लिहिला. कुलूप नको असं म्हणत नाही. गोदूबाईंना विक्रीतला वाटा मिळायचा, तो चोरांनी का खावा? पण गाणं कुलूप लावून विकणाऱ्याने किल्ली सरकारजमा करावी. दुकान बंद पडलं की ती घेणाऱ्याला मिळावी. औषधाच्या बाटलीवर तारीख छापायला लावता — मग इथे हात का बांधलेले? कुलपाला कायद्याची राखण, घेणारा उघड्यावर!

१८ एप्रिल
उत्तर आलं. 'सदर बाब विक्रेता व ग्राहक यांच्यातील आहे. अर्ज निकाली.'
निकाली!

२३ एप्रिल
राहीचा फोन. मुरबाडच्या ओमकार डीजेकडे जाऊन आली. तो पूर्वी हळदीला गोदूबाईंचे धवले वाजवायचा — कुणाच्या तरी फोनवरून उतरवून घेतलेले, फुकटात.
"व्हते त्याच्याकडं, सगले बावीस! दोन वर्सांपूर्वी कुनीतरी तक्रार केली. पोलिसांनी समोर बसवून पुसायला लावले. कोन असंल तो मेला, बाई?"
रेंज नाही असं भासवून फोन ठेवला.

२७ एप्रिल
आज हळद. गेले नाही.
तक्रार माझी होती. सगळं पुसलं ना, हे विचारायला पोलीस ठाण्यात दोनदा गेले होते.